लाखाचं नाणं आणि चिंचेचा कोळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘जुनं नाणं करील तुम्हाला लखपती’ अशा मथळ्याची अर्धं पान बातमी आली आणि तेव्हापासून माझी दुपारची झोप गेली. मी एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं कॅशियर होते. त्यामुळे ‘काकूंना नाण्यांतलं कळतं’ अशी आमच्या पेठेत समजूत आहे. खरं म्हणजे मला नाणी मोजण्यातलं कळत होतं. पारखण्यातलं जे काही थोडंफार कळलं ते गेल्या दीड वर्षात, घरातल्या एका डब्यापायी. त्या डब्याबद्दल लिहायचं आहे, पण आधी बातमीबद्दल.

सोमवारी सकाळी एक निवृत्त मास्तर वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घेऊन आले. ते नाणं मी काउंटरवर पिशव्यांनी वाटलंय. मंगळवारी मागच्या गल्लीतल्या वहिनी तांब्याची एक चकती रुमालात गुंडाळून घेऊन आल्या. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’. हे नाणं तांदूळ ओढून घेतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी ताटलीत तांदूळ ठेवले. तांदूळ हलले नाहीत. असा आणा कंपनीने कधी पाडलाच नव्हता, हे जत्रेतले टाक आहेत, म्हटलं तर त्या माझ्यावरच रुसल्या. बुधवारी वडूजकडचा एक मुलगा शेतात मिळालेल्या शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) घेऊन आला. त्याला मी पहिल्यांदा हे सांगितलं की जमिनीत पुरलेलं काही दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपयांची मर्यादा इंग्रजांच्या काळची आहे, हसू येतं, पण कायदा आहे. आणि दुसरं हे की सगळ्याच शिवराया महाराजांच्या हयातीतल्या नसतात. पेशवाईत आणि त्यानंतरही त्या पडत राहिल्या. मुलाने तोवर अर्ध्या शिवराया लिंबाने घासून लखलखीत केल्या होत्या.

मास्तरांचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यांनी त्या नाण्यासाठी मोबाइलवर कुणाला तरी आधी नोंदणीचे म्हणून, मग कराचे म्हणून पैसे पाठवले होते. पावतीवर रिझर्व्ह बँकेचं चिन्ह. जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या नावाखाली आमचं नाव वापरून लोक पैसे उकळताहेत, आम्ही असला व्यवहार करत नाही आणि असलं शुल्कही कधी मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. आपल्या बातमीत त्याचा एका ओळीने उल्लेख नव्हता. उलट शेवटी लिहिलं होतं, ‘नाण्याचं ग्रेडिंग करून घेतल्यास किंमत अनेक पटींनी वाढते.’ हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

आता डबा. सासूबाईंचा पितळी डबा, झाकणाला पोचा आलेला. त्यात एक्केचाळीस रुपये: व्हिक्टोरियाचे राणीछाप सतरा, उघड्या डोक्याच्या एडवर्डचे नऊ, पाचव्या जॉर्जचे अकरा, सहाव्या जॉर्जचे तीन आणि १९४७ चा निकेलचा वाघवाला एक. १९४० पासून इंग्रजांनी रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आधीचे रुपये चलनातून मागे घेतले. पण आमच्या आजेसासऱ्यांसारख्यांनी सगळे परत केले नाहीत. काही डब्यात गेले, काही चुलीमागे, काही बायकांच्या माळांत.

पुण्याचा भाचा दिवाळीला आला होता. तो हल्ली नाण्यांचे व्हिडिओ बघतो. डबा उघडून बसला आणि म्हणाला, “मावशी, ही सगळी स्लॅब करून घे. एकेकाचे डबल होतील.”

स्लॅब म्हणजे काय आणि ग्रेडिंग म्हणजे काय ते त्याने मला समजावलं, ते इथे सांगते, कारण बातमीत शब्द होता पण अर्थ नव्हता. अमेरिकेत पीसीजीएस आणि एनजीसी या दोन मोठ्या कंपन्या आहेत, पहिलीचं काम १९८६ ला सुरू झालं, दुसरीचं १९८७ ला. त्यांच्याकडे नाणं पाठवलं की ते खरं की खोटं हे बघतात, झीज किती आहे ते बघून १ ते ७० मध्ये आकडा देतात (हेच ग्रेडिंग) आणि प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत (हीच स्लॅब) घालून परत करतात. ६० पासून वर म्हणजे नाणं वापरातच आलं नाही. हा आकड्यांचा हिशोब शेल्डन नावाच्या गृहस्थाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी बसवला होता. सर्वांत झिजलेल्याचा एक रुपया तर कोऱ्याचे सत्तर, अशी त्यामागची कल्पना. भाव तसे राहिले नाहीत, आकडे मात्र राहिले.

मी जन्मभर हिशोब केलाय. म्हटलं, खर्च सांग. मुंबईच्या एका एजंटाला त्याने फोन लावला. फी, जाण्या-येण्याचं कुरिअर, विमा, एजंटाचं कमिशन असं धरून एका नाण्यामागे साडेतीन हजारांच्या आसपास. एक्केचाळिसांचे झाले १,४३,५००. मी भाच्याकडे बघितलं. तो चहा प्यायला लागला.

मग मी एकेक नाणं उचलून बघायला सुरुवात केली. आमच्याच बँकेतून निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याने दहापट मोठं दाखवणारं भिंग दिलं. सराफाकडचा काटाही वापरायला मिळाला. जुना रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे नेमका एक तोळा, ११.६६ ग्रॅम. आमच्या आजीच्या तोंडी ‘रुपयाभार सुंठ’ असायचं ते यामुळे. त्यात अकरा भाग चांदी, एक भाग हिणकस. चांदी किलोला एक लाख धरली तरी एका रुपयात हजार-सत्तर रुपयांची चांदी निघते. त्या दिवसाच्या भावाने निघणाऱ्या चांदीच्या किमतीखाली कुणी राणीछाप मागितला तर सरळ उठून यावं. (पेठेतल्या एका बाईंनी दोन वर्षांपूर्वी चारशेला एक दिला. कुणाला ते लिहीत नाही.)

आमचे बरेच रुपये साडेअकराच्याही खाली भरले. थोडी झीज खिशातली, बाकीची आमच्या घरची.

ही घरची झीज कशी झाली ते सांगते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी सासूबाई डबा काढायच्या. परातीत चिंचेचा कोळ, त्यात रुपये तासभर. मग रांगोळीची भुकटी बोटावर घेऊन एकेक रुपया गोल गोल घासायचा, तोंड दिसेपर्यंत. मग गरम पाणी, मग जाडा पंचा. माझं लग्न झाल्यावर हे काम माझ्याकडे आलं. नंतर नंतर भांडी उजळायची पावडर आली, ती तर चिंचेपेक्षा वरचढ. माझ्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. म्हणजे मी एकटीने राणीचं नाक सेहेचाळीस वेळा घासलं. सासूबाईंची वर्षं वेगळी.

भिंगाखाली राणीच्या गालावर आणि मोकळ्या जागेत केसासारखे बारीक ओरखडे दिसतात, हजारोंनी, एकाच दिशेला वळलेले. नाणं चमकतं, पण ती चमक स्टीलच्या भांड्याची. टांकसाळीतून आलेल्या नाण्याची झळाळी निराळी असते. दिव्याखाली ते हळूहळू कलतं करत गेलं की उजेडाची पट्टी चाकाच्या आऱ्यासारखी गोल फिरते, कारण ठशाच्या दाबाने धातू मधून कडेकडे सरकलेला असतो. ती एकदा घासली गेली की कुठल्याही उपायाने परत येत नाही. आणि चांदीवरचा काळा-निळसर थर, ज्याला आपण मळ समजतो, तो नाण्याच्या अंगचाच झालेला असतो. संग्राहक त्याला हात लावू देत नाहीत.

अशा घासलेल्या नाण्याला या कंपन्या आकडाच देत नाहीत. डबीवर ‘डिटेल्स’ आणि पुढे ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात. कडी झाळून माळेत घातलेलं असेल, कडी काढल्याची खूण असेल, भोक बुजवलं असेल, तरी तेच. फी मात्र पूर्ण. म्हणजे साडेतीन हजार देऊन आपण आपल्या नाण्याच्या कपाळावर दोष कायमचा लिहून घ्यायचा! आपल्या बातमीतलं ‘अनेक पटींनी’ ते इथे संपतं. महाराष्ट्रातली किती देवघरं लक्ष्मीपूजनाच्या चिंचेतून सुटली असतील?

भाच्याचा धीर तरी सुटला नव्हता. पाचव्या जॉर्जमध्ये त्याला एक १९११ चा सापडला आणि तो ओरडलाच, “डुकराचा रुपया!” त्या साली राजाच्या झग्यावरच्या साखळीत जो हत्ती कोरला तो लोकांना डुक्कर वाटला. मुसलमान समाज बिथरला, सरकारने रुपया मागे घेतला आणि १९१२ च्या नाण्यावर सोंड नीट दाखवली. आमच्याकडच्या नाण्यावर तो प्राणी घासून घासून धड हत्तीही उरला नव्हता, धड डुक्करही नाही. तरी साल स्वच्छ वाचता येत होतं आणि अशा सालाला घासलेलं असूनही चार पैसे जास्त मिळतात. भाच्याने एजंटाला फोटो पाठवले. त्या भल्या माणसाने एका वाक्यात प्रकरण मिटवलं: “शंभर वर्षांवरचं मी घेत नाही, बाहेर पाठवता येत नाही.”

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझी खात्री आहे की तुमच्या वार्ताहरालाही नसावी. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं नाणं ही पुरावस्तू आहे आणि ती आपण आपल्या मर्जीने देशाबाहेर पाठवू शकत नाही. घरात ठेवायला, देवापुढे मांडायला कुणी अडवत नाही. पण कुरिअरच्या पाकिटात घालून अमेरिकेला, नाही. आता हिशोब बघा. राणी, एडवर्ड आणि आमचे पाचव्या जॉर्जचे सगळे रुपये शंभरी ओलांडलेले. एक्केचाळिसांतले सदतीस तिथेच बाद. दर वर्षी ही रेघ एकेक साल पुढे सरकते. ‘नाण्याचं ग्रेडिंग करून घ्या’ असं छापताना वाचक नकळत गुन्हा करील याचा विचार व्हायला हवा होता. ‘दागिने’ किंवा ‘भेटवस्तू’ लिहून पाठवून देऊ म्हणणारे एजंटही असतात असं ऐकते. माल पकडला तर तो जाईल तुमचा.

उरले चार. १९४४ चे दोन, निम्म्या चांदीचे, ढिगाने मिळतात. १९४७ चा वाघ शुद्ध निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. नातवाने त्याच्याशी दोन दिवस खेळून घेतलं, बास. १९३८ चा एक, तोही चिंचेतला. यांतल्या कुठल्याही नाण्याची किंमत ग्रेडिंगच्या खर्चाएवढीही होत नव्हती.

इथे डबा संपला. पण एक बेचाळिसावं नाणं होतं.

ते डब्यात नव्हतं, ह्यांच्या कपाटात होतं. काडेपेटीत, कापसावर. हे जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना नाण्यांचा नाद आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. १९९६ साली कधीतरी, कोल्हापूरला कामाला गेले असताना, एका फिरत्या विक्रेत्याकडून त्यांनी ते घेतलं होतं. काडेपेटीवर बॉलपेनने लिहिलेलं: ‘१९३९, मूळ’. किती दिले ते लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर मी वाचलं असतं ना!

१९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया म्हणजे या मालिकेतलं सर्वांत दुर्मीळ साल. हा कधी पूजेत गेला नव्हता. शंभर वर्षंही झालेली नाहीत. खरा असेल तर साडेतीन हजार म्हणजे काहीच नाही. आणि नेमक्या अशाच नाण्याला त्या डबीचा उपयोग आहे, हे मला तेव्हा पटलं. आकडा ५५ की ५८ याच्यासाठी नव्हे. विकणारा म्हणतो खरा, घेणारा म्हणतो खोटा, दोघेही शहाणे आणि दोघांनाही एकमेकांचा भरवसा नाही, अशा वेळी तिसऱ्याने ‘खरा आहे’ म्हणून सील मारून द्यावं, त्याचे ते पैसे. जिथे हा वाद उद्भवणारच नाही, म्हणजे रोजच्या राणीछापाबाबत, तिथे आपला सराफ आणि त्याचा काटा पुरेसा आहे.

मी काट्यावर ठेवला. वजन चोख. चुंबकाला चिकटत नाही. दोन रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करते. नातीच्या शिक्षणाचे आकडेही मनात मांडून झाले.

भाचा म्हणाला, आधी पुण्यात प्रदर्शनात दाखवू, मग पाठवू. नाण्यांच्या प्रदर्शनात जुने विक्रेते टेबल मांडून बसतात, बघण्याचे कुणी पैसे घेत नाही. साताऱ्याहून शिवशाहीने गेले, पर्समध्ये काडेपेटी, पर्स पोटाशी. सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांनी नाणं बोटांत कडेने धरलं, तोंडाकडे बघितलंच नाही. उलटं करून सरळ सालावर भिंग लावलं. मग भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “ताई, या नाण्यावर ९ किती आहेत?”

“दोन.”

“दोन्ही एका हाताचे वाटतात का बघा.”

पहिला ९ (नाण्यावरचे आकडे इंग्रजी, 9) भरदार, खालचं शेपूट सहज वळलेलं. शेवटचा ९ वरून बरा, पण शेपटापाशी अडखळलेला, आणि डावीकडे, जिथे इंग्रजी 8 चं खालचं पोट असतं तिथे, नाण्याची मोकळी जागा किंचित खरवडलेली. १९३८ चा खरा रुपया घ्यायचा आणि ८ चं अर्धं पोट कोरून काढायचं. चांदी खरी, वजन खरं, राजा खरा. खोटा फक्त तेवढा कण. म्हणूनच काटा आणि चुंबक काही बोलले नाहीत. त्यांनी सांगितलं की १९३९ च्या नावाने येणाऱ्या नाण्यांत हा प्रकार नेहमीचा आहे. पैसे मागितले नाहीत. उलट शेजारच्या टेबलावरून मागवलेला चहा दिला.

भाड्याचे पैसे सोडले तर मला हा सल्ला फुकट पडला. तेच नाणं मी थेट अमेरिकेला पाठवलं असतं तर हाच निकाल तीन महिन्यांनी आणि साडेतीन हजारांना आला असता.

तेव्हा संपादक महाशय, माझी मागणी छोटी आहे. अशी बातमी पुन्हा छापाल (छापालच, वाचक ती आवडीने वाचतात, मीही वाचली) तर तिच्याखाली दोन गोष्टी घाला. रिझर्व्ह बँक कुणाचीही जुनी नाणी विकत घेत नाही. आणि शंभर वर्षांपूर्वीचं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही. जागा उरली तर, नाणी घासू नका. आणि ज्यांना नाण्यांची नुसती माहिती हवी आहे त्यांना सांगा की मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय २००४ पासून आहे आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांत लखपती होण्यापेक्षा तिथली एक सहल स्वस्त पडते. मास्तरांचे गेलेले पैसे मी लिहीत नाही, त्यांनी घरी सांगितलेलं नाही.

पुढच्या दिवाळीचं आमच्या घरात ठरलंय. सूनबाईने विचारलं, “आई, या वर्षीपासून रुपये घासायचे नाहीत का?” म्हटलं, नाही. कोमट पाण्यातून काढायचे, मऊ कापडाने टिपायचे, हळद-कुंकू पाटावर वाहायचं. ती म्हणाली, काळे दिसतील. दिसू देत. शिवाय तिने ते ज्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून ठेवले होते तीही काढायला लावली, त्यांतलं रसायन सुटून नाण्यांना हिरवा चिकटा धरतो. आता कागदाच्या पुड्या आहेत, आमच्या औषधवाल्याकडून आणलेल्या.

काडेपेटी ह्यांच्या कपाटात होती तिथेच परत ठेवली आहे. वरचं ‘१९३९, मूळ’ मी खोडलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त कॅशियर, सातारा
(नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी सोबत दिला आहे, छापू नये.)